हरकतीची वेळ

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, अशी आपल्याकडे म्हण आहे, आणि घरोघरचीं वडील माणसें ती लहानांस ऐकवीत आलीं आहेत. म्हण खोटी नाहीं. परंतु ती ज्यानें रचिली त्याच्या डोळ्यांपुढें वादी होता, प्रतिवादी नव्हता. पायरी चढावी कीं न चढावी, हा विचार वादीस करतां येतो. प्रतिवादीस ती दुसऱ्यानें चढावयास लाविलेली असते. आणि कोणत्या गांवची पायरी चढावयाची, हेंहि बहुधा त्या दुसऱ्यानेंच ठरविलेलें असतें. या शेवटच्या गोष्टीविषयीं बोलण्याचा अधिकार मात्र कायद्यानें प्रतिवादीस दिलेला आहे. "मजवर दावा येथें चालूं नये, तो अमक्या ठिकाणीं चालावा," असें म्हणण्याचा तो अधिकार होय. त्याचें आयुष्य फार थोडें असतें. तो हिसकावून कोणी घेत नाहीं. तो वापरावयाचा राहिला म्हणजे आपोआप संपतो, आणि संपल्याचें घरांतल्या कोणासहि कळत नाहीं. ज्या कुटुंबांत चार भाऊ चार गांवीं आहेत आणि मिळकत मात्र एकत्र आहे, त्या कुटुंबांस या अधिकाराची ओळख असणें अगत्याचें आहे, असें वाटून आम्ही हा लेख लिहीत आहों.

दावा येथें चालला काय आणि तेथें चालला काय, न्याय तो न्यायच, असें पुष्कळांस वाटतें. आम्ही नगर जिल्ह्याचे. २०२४ पासून जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें असलें तरी जुन्या माणसांच्या तोंडीं नगर हेंच आहे. क्षेत्रफळानें हा महाराष्ट्रांतील सर्वांत मोठा जिल्हा. पश्चिमेस अकोल्याचे डोंगर, पूर्वेस जामखेडचें माळरान. जामखेडच्या माणसास नगरच्या कोर्टांत यावयाचें म्हटलें तरी त्याचा अख्खा दिवस जातो. मग पुण्याचें, नाशकाचें किंवा मुंबईचें काय बोलावें! वकिलाची फी दोहोंकडे सारखीच धरली, तरी प्रवास, खाणावळ, मोडलेली मजुरी आणि साक्षीदारांची मनधरणी यांचा हिशेब कोणत्याहि हुकूमनाम्यांत पूर्ण उतरत नाहीं. अंतर हें स्वतःच एक हत्यार आहे, आणि तें कोणाच्या हातीं जावें हें दाव्याच्या जागेवरून ठरतें.

या हत्याराचा घाव आमच्या जिल्ह्यानें पूर्वीं चांगलाच सोसलेला आहे. १८७५ सालीं पुणें व नगर या जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचे दंगे झाले, हें शाळेंत आपण सर्वांनीं वाचलें आहे. शिरूर तालुक्यांतील कर्डें गांवीं सावकारावर बहिष्कार पडला, पुढें सुपें येथें दंगा झाला, आणि लौकरच पारनेर, श्रीगोंदें, कर्जत या आमच्या बाजूस ती आग पसरली. दंगेखोरांचा रोख माणसांपेक्षां कागदांवर अधिक होता, ही त्यांतील लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट. कर्जरोखे आणि हुकूमनामे त्यांनीं बाहेर काढून जाळले. असें कां व्हावें, याची चौकशी करण्यासाठीं सरकारनें कमिशन नेमिलें, आणि त्या चौकशींतून १८७९ चा दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा निर्माण झाला. तो आरंभीं पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चारच जिल्ह्यांस लागू होता.

त्या कायद्याचें बारावें कलम प्रसिद्ध आहे. रोख्यावरील आंकड्याच्या मागें जाऊन मूळ देवघेव किती होती हें कोर्टानें तपासावें, असें तें सांगत असे. त्याच्याच शेजारचें अकरावें कलम फारसें कोणाच्या स्मरणांत नाहीं. शेतकरी प्रतिवादी जेथें राहतो तेथल्याच कोर्टांत त्याजवरील असे दावे लावावे, इतरत्र लावूं नयेत, असा त्याचा आशय होता. शेतकऱ्यास दूरच्या कोर्टांत ओढावें, त्यानें बैल सोडून तिकडे जाऊं नये, आणि मग एकतर्फी हुकूमनामा घेऊन त्याच्या दारीं जप्ती आणावी, हा क्रम तोडण्याचा तो उपाय होता. तो कायदा आतां इतिहासजमा झाला आहे. परंतु ज्यांनीं तो केला त्यांस एक गोष्ट पक्की कळली होती: गरिबास नुसतें "हरकत घे" म्हणून भागत नाहीं, कारण हरकत घ्यावयास तरी त्यानें त्या दूरच्या कोर्टांत गेलें पाहिजे. म्हणून त्यांनीं ओझें वादीवरच टाकिलें. आजच्या सामान्य कायद्यांत तें ओझें पुन्हा बरेंचसें प्रतिवादीकडे आलेलें आहे.

आमच्या जिल्ह्याच्या सरहद्दीचाहि एक धडा येथें सांगण्यासारखा आहे. १९४८ च्या सप्टेंबरांत हैदराबाद संस्थान भारतांत येईपर्यंत नेवासें, शेवगांव, पाथर्डी व जामखेड यांच्या पलीकडे निजामाचा मुलूख होता, आणि तेथील कोर्ट आमच्या दृष्टीनें परकें होतें. परक्या कोर्टाच्या हुकूमनाम्याविषयीं प्रिव्ही कौन्सिलचा १८९४ चा एक निवाडा वकिलांस तोंडपाठ असतो. फरीदकोट संस्थानच्या एका माजी खजिनदारावर तेथील कोर्टांत दावे झाले. तो तोंपर्यंत संस्थान सोडून गेलेला होता व कामास हजर राहिला नाहीं. त्याच्या गैरहजेरींत झालेले हुकूमनामे त्या संस्थानाबाहेर अगदीं निरर्थक होत, असें ठरलें. याच्या उलट, जो आपण होऊन परक्या कोर्टांत उभा राहतो आणि दाव्याच्या खरेखोटेपणावर भांडतो, त्यानें त्या कोर्टाची सत्ता मान्य केली असें धरितात; हरल्यावर "तुमचा माझा संबंध काय?" असें त्यास म्हणतां येत नाहीं. म्हणजे दक्षतेनें गेलेला बांधला गेला आणि न गेलेला सुटला! मात्र यावरून कोणी भलताच बोध घेऊं नये. आज ठाण्याचें कोर्ट नगरकरास परकें नाहीं. तेथील समन्स आलें असतां घरीं बसून राहिल्यास एकतर्फी हुकूमनामा होईल, आणि तो नगरांत येऊन बजावला जाईल.

आतां हल्लींचा कायदा पाहूं. १९०८ च्या दिवाणी व्यवहार संहितेच्या विसाव्या कलमाप्रमाणें पैशाचे वगैरे सामान्य दावे प्रतिवादी जेथें राहतो किंवा धंदा करितो तेथें, अथवा दाव्याचें कारण जेथें सर्वस्वीं वा अंशतः घडलें तेथें लावितां येतात. प्रतिवादी अनेक असून त्यांपैकीं एकच त्या ठिकाणीं राहत असेल, तरीहि तेथें दावा लावितां येतो. पण अशा वेळीं कोर्टाची परवानगी तरी पाहिजे, किंवा बाहेरगांवच्या प्रतिवादींनीं तें मुकाट्यानें मान्य केलेलें असलें पाहिजे. येथें मौन हीच संमति ठरते, हें वाचकांनीं ध्यानांत धरावें. पुढें एकविसावें कलम सांगतें कीं, दाव्याच्या जागेविषयींची हरकत पहिल्या कोर्टांत, शक्य तितक्या लौकर, आणि मुद्दे काढले जात असतील तर ते काढण्याच्या वेळीं किंवा त्यापूर्वीं घेतली पाहिजे. तशी ती घेतली नसेल, किंवा त्यामुळें न्यायाची हानि झाल्याचें दिसत नसेल, तर वरचें कोर्ट ती ऐकणार नाहीं. या दोन्ही अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात. हानि झाली पण हरकत वेळेवर नव्हती, तरी उपयोग नाहीं. हरकत वेळेवर होती पण हानि झाली नाहीं, तरीहि नाहीं. बाविसावें कलमहि याच घराण्यांतलें आहे. दावा दोन ठिकाणीं चालण्याजोगा असतां वादीनें एक निवडलें, तर तो दुसरीकडे न्यावा असा अर्ज प्रतिवादीस करितां येतो. पण तोहि मुद्दे निघण्यापूर्वीं, आणि दुसऱ्या पक्षास नोटीस देऊन.

हीं कलमें आम्हांस पुस्तकांतून कळण्यापूर्वीं घरांत कळलीं. आमच्या थोरल्या काकांचा नगरांत एक छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकें, सहकारी सोसायट्यांचे अहवाल अशीं कामें तेथें होत. छापखाना तिघां भावांच्या नांवें होता. थोरले काका तो चालवीत, आमचे वडील शाळेंतून आल्यावर मुद्रितें तपाशीत, आणि धाकटे काका घाटाखालच्या एका शहरीं नोकरीस असत. १९९२ च्या पावसाळ्यांत एका कागद-व्यापाऱ्याकडून आलेला माल भिजलेला निघाला. काकांनीं तो त्याच दिवशीं हमालाच्या डोक्यावर परत धाडिला. मागणी नगरांत दिलेली, माल नगरांतल्या वखारींतून आलेला, आणि परतहि तेथेंच गेलेला. व्यापाऱ्यानें मात्र संपूर्ण मालाची किंमत, अडतीस हजार रुपये, मागितली, आणि दावा लाविला तो धाकटे काका राहत होते त्या शहरीं. तिघे भाऊ प्रतिवादी. त्यांपैकीं एक तेथें राहणारा. तेवढ्या दोरीवर सर्व छापखाना घाट उतरून खालीं नेला गेला. अशा दाव्यास लागणारी परवानगीहि त्यानें मागितलेली नव्हती.

समन्स आलें त्या दिवशीं शेजारचे एक जुने वकील सहज घरीं आले होते. त्यांनीं कागद पाहिला आणि म्हणाले, "रावसाहेब, आधीं जागेची हरकत घ्या. खरें-खोटें मागाहून सांगा." थोरल्या काकांस तें रुचलें नाहीं. ते म्हणाले, "आपण कोणाचें बुडविलें आहे काय? मग कोर्ट इथलें नको, तिथलें हवें, असले आडपडदे कशाला? ज्याचें देणें लागतें तो असल्या सबबी काढतो. मी सरळ जाऊन काय झालें तें सांगतों." आमच्या घरांत थोरल्या काकांपुढें बोलण्याची पद्धत नव्हती. ते गेले आणि त्यांनीं कैफियत दिली. कैफियत अगदीं खरी होती. माल केव्हां आला, कोणीं उतरविला, कोणत्या गाडग्यानें त्यावर पाणी गळत होतें, कोणीं परत नेला, सर्व त्यांत होतें. हा दावा येथें कां, हें एक वाक्य मात्र नव्हतें. पुढच्या दोन तारखांस मुद्दे निघाले. त्या दिवशीं एक हक्क मेला, आणि आमच्या घरीं त्याचें सुतकहि कोणी पाळलें नाहीं.

नंतर काय झालें तें थोडक्यांत सांगतों. माल परत गेला हें सिद्ध करावयास आमच्याकडे दोन साक्षीदार होते: हमाल आणि छापखान्यांतला वृद्ध जुळारी. खिळे जुळवून जुळवून त्याची नजर अधू झाली होती. तो दोनदां घाट उतरून गेला. दोन्ही वेळां काम तहकूब झालें. तिसऱ्यांदा त्याच्यानें जाववेना. त्याची जबानी नगरांतच कमिशनवर घ्यावी असा अर्ज होईपर्यंत तो वारला. हमाल साखरकारखान्याच्या कामास श्रीरामपुराकडे निघून गेला होता. त्याचा पत्ता लागला नाहीं. दावा व्यापाऱ्याप्रमाणें झाला. अपिलांत नव्या वकिलांनीं जागेचा मुद्दा काढला तेव्हां न्यायाधीशांनीं शांतपणें विचारिलें, "हें खालच्या कोर्टांत मुद्दे निघण्यापूर्वीं म्हटलें होतें काय?" त्या प्रश्नास उत्तर नव्हतें. व्याज व खर्च धरून जी रक्कम झाली ती भागवितांना मोठें यंत्र विकावें लागलें, आणि यंत्र गेल्यावर छापखाना उरला तो नांवाचाच.

थोरले काका पुढें बरींच वर्षें होते. हुकूमनामा त्यांस अन्यायाचा वाटे, पण न्यायाधीशांस त्यांनीं कधीं नांव ठेविलें नाहीं. "त्यांच्यापुढें जें होतें त्यावर त्यांनीं निकाल दिला," असें ते म्हणत. आम्हांस मात्र पुष्कळ दिवस एकच प्रश्न पडत असे. सरळ माणसास हरकत घेण्याची लाज कां वाटावी? आपल्या सुशिक्षित घरांतून एक समजूत खोल रुजलेली आहे कीं, सत्य ज्याच्या बाजूस आहे त्यानें तांत्रिक गोष्टींकडे पाहूं नये, त्या लबाडांच्या. परंतु जागेची हरकत ही सत्यापासून पळवाट नव्हे. सत्य जेथें राहतें तेथें न्यायाधीशास बोलावण्याची ती विनंति आहे. आमचें सत्य हमालाच्या आणि जुळाऱ्याच्या डोळ्यांत होतें, आणि ते डोळे नगरांत होते.

कोणी म्हणेल, हक्क गेला म्हणून सर्व दारें बंद झालीं काय? तसें नाहीं. चोविसाव्या कलमान्वयें जिल्हा कोर्ट आपल्या हद्दींतील, आणि उच्च न्यायालय आपल्या ताब्यांतील कोणताहि दावा, कोणत्याहि अवस्थेंत, एका कोर्टांतून दुसऱ्या कोर्टांत नेऊं शकतें. दोन राज्यांचा प्रश्न असेल तर पंचविसाव्या कलमान्वयें सर्वोच्च न्यायालयाकडे जावें लागतें. माहेरीं परतलेल्या स्त्रियांचे अर्ज या वाटेनें पुष्कळ वेळां मान्य झालेले आहेत, आणि तें योग्यच आहे. परंतु येथें भाषा बदलते. आधीं जें हक्कानें मागितलें असतें तें आतां सोयीच्या व गैरसोयीच्या तराजूंत घालून मागावें लागतें. घरच्या दिवाणखान्यांत बसणें आणि दुसऱ्याच्या ओसरीवर "बसूं का?" म्हणून विचारणें, यांत जो फरक तोच येथें.

असें असतां कायदा इतका कठोर कां, हेंहि न्यायबुद्धीनें पाहिलें पाहिजे. हरकत खिशांत जपून ठेवावी, निकाल आपल्यासारखा लागला तर गप्प बसावें, उलट लागला तर ती बाहेर काढून सर्व काम पुसून टाकावें, अशी मोकळीक दिली तर प्रामाणिक वादीनें काय करावें? १९५४ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें बिहारचा किरण सिंग यांचा खटला आला. त्यांत दाव्याची किंमत वादींनींच २,९५० रुपये लाविली होती. हरल्यावर, उच्च न्यायालयांत ती ९,८८० ठरली तेव्हां, आपलें पहिलें अपील भलत्याच कोर्टानें ऐकलें असें म्हणावयास तेच पुढें आले. ज्यांनीं दार निवडलें त्यांनींच दारास दोष द्यावा, हें न्यायालयानें चालूं दिलें नाहीं. प्रत्यक्ष नुकसान दाखवा, असें सांगितलें. १९६२ च्या निवाडेसंग्रहांत छापलेल्या हिरालाल पाटणी यांच्या खटल्यांत तर मुंबई उच्च न्यायालयाचा हुकूमनामा बजावणीसाठीं आग्र्यास गेल्यावर मुंबईच्या अधिकाराविषयीं शंका काढण्यांत आली. जागेची हरकत ही प्रतिवादीनें सोडून देण्याजोगी गोष्ट आहे, आणि ती येथें सोडलेली आहे, असें ठरलें.

आपल्या महाराष्ट्रानें तर दोन्ही टोकें अनुभविलीं. १९७७ च्या दुरुस्तीनें राज्यानें संहितेंत "नऊ-अ" हें कलम घातलें होतें. तात्पुरत्या मनाईचा अर्ज सुनावणीस असतां अधिकारक्षेत्राची हरकत निघाली तर तो मुद्दा आधीं निकालांत काढावा, असें तें सांगत असे. हेतु चांगला होता. पण त्या एका मुद्यावर पुरावे, त्यावर अपिलें, आणि मूळ दावा वर्षानुवर्षें जागच्या जागीं, अशी अवस्था होऊं लागली. २०१८ सालीं तें कलम काढून टाकण्यांत आलें. म्हणजे हरकत वेळेवर घेणाऱ्याचें रक्षण व्हावें आणि वेळ काढण्यासाठीं हरकत घेणाऱ्याचें होऊं नये, हा तोल कायद्यासहि सहज साधत नाहीं.

एक अपवाद मात्र प्रत्येक शेतीवाल्या घरानें लक्षांत ठेवावा. जमिनीच्या मालकीचे व ताब्याचे दावे सोळाव्या कलमाप्रमाणें जमीन जेथें आहे तेथेंच चालावे लागतात. २००५ सालच्या एका निवाड्यांत जमीन गुरगांवची होती व दावा दिल्लीस होता. प्रतिवादी कंपनीनें आरंभीं दिल्लीचा अधिकार मान्यहि केला होता, आणि कित्येक वर्षांनीं तिनें शब्द फिरविला. तरीहि सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, ज्या कोर्टास त्या विषयाचा अधिकारच नाहीं त्यास पक्षकारांची संमति तो देऊं शकत नाहीं. तेव्हां मौनानें सर्वच हक्क जातात असें नव्हे. पण आपला हक्क कोणत्या जातीचा आहे हें घरीं बसून ठरवूं नये, वकिलास विचारावें.

हल्लीं आपल्यापैकीं पुष्कळांचीं मुलें अमेरिकेंत आहेत, म्हणून तिकडची रीतहि दोन शब्दांत सांगतों. तेथें राज्यांचीं कोर्टें निराळीं आणि संघराज्याचीं निराळीं. परराज्यांतील प्रतिवादीस स्थानिक पक्षपाताची भीति वाटूं नये म्हणून, राज्याच्या कोर्टांत लाविलेला ठराविक प्रकारचा दावा संघराज्याच्या कोर्टांत नेण्याचा हक्क १७८९ च्या कायद्यापासून त्यास आहे. परंतु मुदत केवळ तीस दिवसांची. सामान्यतः रीतसर सामील केलेल्या व समन्स पोंचलेल्या सर्व प्रतिवादींची संमति लागते, आणि राज्याच्या कोर्टांतच आपण होऊन लढण्यास आरंभ केला तर हक्क सोडल्याचें मानलें जाण्याचा धोका असतो. तीस दिवस केव्हांपासून मोजावयाचे, यावर तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण गेलें. दाव्याची नक्कल सौजन्य म्हणून फॅक्सनें आली त्या दिवसापासून नव्हे, तर रीतसर बजावणीपासून मोजावयाचे, असें १९९९ सालीं ठरलें. आपल्याकडे एकाच उतरंडीचीं कोर्टें असल्यामुळें असा हक्क नाहीं. पण माणसाच्या घरांतलें दृश्य दोन्हीकडे एकच: कागद येतो, कोणी तरी तो फडताळांत ठेवितो, आणि दिवस मोजावयाचे राहतात.

करारांत लवादाचें कलम असेल तर तेथेंहि हाच न्याय. दाव्याच्या मूळ विषयावर पहिलें निवेदन देण्याच्या तारखेपर्यंत लवादाकडे जाण्याचा अर्ज केला पाहिजे, असें १९९६ च्या कायद्याचें आठवें कलम सांगतें. केवळ तात्पुरत्या मनाईस उत्तर दिल्यानें तो हक्क जात नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २००६ सालीं स्पष्ट केलें आहे. कैफियत दिली कीं मात्र कठीण. तसेंच व्यापाऱ्यांच्या बिलांच्या तळाशीं "मुंबई न्यायक्षेत्राच्या अधीन" असें बारीक अक्षरांत छापलेलें असतें. तें वाचल्याशिवाय सही करूं नये. जेथें कायद्यानें दोन कोर्टें मोकळीं असतात तेथें करारानें एक निवडतां येतें, हें १९७१ सालींच मान्य झालेलें आहे.

शेवटीं घरापुरतें बोलूं. प्रतिवादी घरीं नसेल आणि लौकर येण्याचा संभव नसेल, तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबांतील कोणाहि प्रौढ व्यक्तीकडे समन्स देतां येतें. पूर्वीं हें पुरुषांपुरतेंच होतें. १९७६ च्या दुरुस्तीनें स्त्रियांचाहि त्यांत समावेश झाला. गडीमाणूस मात्र या कामीं कुटुंबांतला धरीत नाहींत. म्हणून आमच्या भगिनींस विनंति आहे कीं, बेलिफानें दिलेला कागद देवघराच्या कोनाड्यांत किंवा रद्दींत जाऊं देऊं नये. तो ज्या दिवशीं आला ती तारीख त्याच्या पाठीवर लिहावी. कोर्ट कोणत्या गांवचें आहे आणि तारीख कोणती आहे, हें त्याच संध्याकाळीं घरांत सर्वांस वाचून दाखवावें. बाहेरगांवच्या भावास दूरध्वनि करून त्यासहि समन्स आलें आहे काय तें विचारावें. वकिलाकडे गेल्यावर, आपली हकीकत सांगण्यापूर्वीं, पहिला प्रश्न एवढाच करावा: "हा दावा येथेंच कां?" त्याचें उत्तर समाधानकारक असेल तर कैफियत द्यावी, नसेल तर हरकत कैफियतीच्या पहिल्या परिच्छेदांत लिहून घ्यावी, आणि ती तेथें आहे हें सही करण्यापूर्वीं स्वतः वाचून पाहावें.

आमच्या घरीं आतां छापखाना नाहीं. त्या जागीं पुतण्याचें लहानसें दुकान आहे. गेल्या वर्षीं त्यास एका दूरच्या शहरांतून समन्स आलें. त्यानें तें वाचलें, आणि कोणासहि न विचारतां त्याच्या पाठीवर तारीख घातली.